बारा पट्ट्यांचा नरक

१

पेनरॉडच्या उघड्या तळहातावर वरून एक लाल थेंब पडला आणि आम्ही तिघंही एकदम मागं सरलो.

मेलेल्या माणसाचं रक्त खाली जातं, वरून येत नाही. एवढं मलाही कळत होतं. तरी माझ्या तोंडून प्रभूचं नाव निघालं आणि ते मध्येच अडकलं. दुसरा थेंब पडला. मग तिसरा.

"कोणी काही हलवू नका," शेरीफ लाफ्लिन म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा जाड नव्हता.

शनिवारची सकाळ होती. बाहेर कॅन्ससचं लख्ख ऊन पडलेलं. पण आमच्या लॉजच्या, म्हणजे दीपबंधू मंडळाच्या सभागृहाच्या, रंगमंचाला एकही खिडकी नाही. वर पन्नासेक रंगवलेले पडदे एकामागे एक टांगलेले, आणि त्यांच्या पोटात दिवसाढवळ्याही काळोख. आम्ही दीपबंधू नव्या सभासदाला उपदेश वाचून दाखवत नाही, नाटक करून दाखवतो. राजाचा दरबार, वाळवंट, तुरुंग, आणि शेवटी नरक. ज्याला पन्नास वर्षांच्या प्रवचनांनी घाम फुटला नाही त्याला त्या पडद्यापुढं फुटतो. बुधवारी चाळीस नवे सभासद यायचे होते. आणि ज्यानं ही नाटकं बसवली तो एलायस पेनरॉड लोखंडी शिडीच्या पायथ्याशी डोकं फुटून पडला होता.

"शिडीवरून पडला बिचारा," असं पहाटे त्याला पहिल्यांदा पाहणारा गेथिन बेडो म्हणाला होता. गेथिन लॉजचा रखवालदार, आमच्या वेल्श चॅपेलचा डीकन, म्हणजे पाद्र्याचा मदतनीस, आणि माझ्या बायकोचा, मैरचा, धाकटा भाऊ. मला, लॉजच्या ऑर्गनवाल्या इद्रिस प्रॉसरला, त्यानंच बोलावून आणलं. स्वतः मात्र आत न येता दारातच उभा राहिला.

पडदे ओढणारा स्ट्रेक मान वर करून बघत होता. "नरक गळतोय," तो म्हणाला.

"काय?"

"नरकाचा पडदा, शेरीफ. ओला झालाय."

त्यानं दोर सोडला. वरच्या काळोखातून ज्वाळा उतरल्या, मग खडक, मग ती काळी नदी आणि नदीतून हात वर करणारे चेहरे. पडद्याचा खालचा तिसरा हिस्सा ओलाचिंब होता. शेरीफनं हात लावला, तळवा लाल झाला. त्यानं वास घेतला.

"रंग आहे. ताजा."

मग तो गुडघ्यांवर बसला. पडद्याच्या खालच्या शिवणीत एक जाड लाकडी दांडा असतो, पडदा ताठ राहावा म्हणून. दांड्याच्या चिरेत काहीतरी अडकलं होतं. शेरीफनं ते दोन बोटांनी ओढून काढलं. पांढरे केस.

"शिडीबिडी नाही," तो सावकाश म्हणाला. "डोक्यात हा दांडा बसलाय. नंतर कोणीतरी डाग रंगवून झाकला आणि म्हाताऱ्याला शिडीपाशी नेऊन ठेवला. आणि रंग बघा कसा जुळवलाय! कुठं नवा, कुठं जुना, कळत नाही. या गावात असा हात कोणाचा आहे?"

सगळ्यांना माहीत होतं. मातेय सोबोत्का. शिकागोहून पडदे घेऊन आलेला, मूळ बोहेमियाचा चित्रकार. पंधरा दिवस इथं राहून पडद्यांची डागडुजी करत होता.

तेव्हाच मी बोललो. कोणी विचारलं नव्हतं.

"शुक्रवारी दुपारी दोघांचं भांडण झालं. मी ऑर्गनवर बसलो होतो. पेनरॉड म्हणत होता, ज्वाळा फिक्या आहेत. सोबोत्का ओरडला, 'पुन्हा माझ्या रंगाला हात लावलास तर याच नरकात टांगीन तुला.'"

शेरीफनं वही मिटली. "हे जज्जापुढं सांगाल?"

"सांगेन," मी म्हणालो. खरं बोलायला कसली भीती, असं मला त्या घडीला वाटलं होतं.

"पडदा असाच खाली राहू दे. पुरावा आहे तो. सोमवारपर्यंत इथं कोणी पाऊल टाकायचं नाही."

२

रविवारी चॅपेलमध्ये आमच्या पाद्री जारमनसाहेबांचं प्रवचन होतं. त्यांचं प्रवचन मी सोन्याच्या मोलानंही चुकवणार नाही. आधी साधं बोलतात, जणू अंगणात उभं राहून शेजाऱ्याशी बोलावं. मग एखाद्या शब्दावर आवाज थोडा लांबतो, पुढच्यावर चढतो, आणि कधी बोलणं संपून गाणं सुरू झालं ते कळत नाही. त्या दिवशी विषय होता बायबलातल्या पहिल्या खुनाचा, भावानं सांडलेल्या भावाच्या रक्ताचा, जमिनीतून हाक मारणाऱ्या. "तुझा भाऊ... कुठं... आहे?" असं त्यांनी तीन सुरांत विचारलं आणि बायका हुंदके देऊ लागल्या.

अशा वेळी पहिल्या बाकावरून गेथिनचा "आमेन" येतो. घंटेसारखा. बारा वर्षांत एकदाही चुकलेला नाही. त्या दिवशी तो आला नाही. मी वळून पाहिलं. गेथिन हाताचे तळवे मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत बसला होता.

पेनरॉडवर त्याचा जीव होता, मी मनात म्हटलं.

जेवणानंतर मैरनं मनुका घातलेला पाव फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. "त्या कोठडीतल्या चित्रकाराला नेऊन द्या."

"अगं, त्यानं खून केलाय."

"केला असला तरी भूक लागतेच ना? आणि नसला केला तर? तुमच्या एका वाक्यावर बसलाय तो आत."

सोबोत्का लहानखुरा माणूस. कोठडीच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसला होता. बाहेर रस्त्यावर पाचसहा जण नुसतेच उभे होते. काही बोलत नव्हते, तेच जास्त वाईट होतं.

"साक्ष तुम्हीच दिलीत ना?" त्यानं पाव घेतला नाही.

"जे ऐकलं ते सांगितलं."

"बरोबर ऐकलंत. मी ओरडलो होतो. रोजच ओरडत होतो आम्ही. त्याला डोळा होता, प्रॉसरसाहेब. भांडायला मजा यायची." त्यानं डोळे पुसले. "शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या वेळी मी नदीवर झाडांची चित्रं काढत बसलो होतो. साक्षीला झाडंच."

"मग रंग कोणी लावला?"

"मला काय ठाऊक? मला दाखवला तरी का तो? शेरीफ नुसतं म्हणतो, इतका बेमालूम जुळलाय की तुझाच." तो थांबला. "कधी बघितला त्यानं? शनिवारी सकाळी?"

"हो. ओलाच होता."

सोबोत्का उठून गजांपाशी आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "ओला असताना जुळत होता? जुन्या सुक्या रंगाशी?"

"एकजीव."

"मग तो माझा नाही! अहो, माझा असता तर जुळला नसता! तुम्ही त्यांना सांगा..."

"वेळ संपली," शेरीफ मागून म्हणाला. "उद्या चारच्या गाडीनं याला जिल्ह्याला हलवतोय. इथं ठेवणं बरं नाही. गावात दोर विकत घ्यायला गर्दी झालीय म्हणे."

सोबोत्का काही ओरडत होता, पण दार लागलं. भीतीनं माणूस बरळतो, असं मी घरी येऊन मैरला सांगितलं.

३

सोमवारी दुपारी बारा वाजता शेरीफची परवानगी घेऊन मी ऑर्गनपाशी गेलो. बुधवारचा कार्यक्रम रद्द झाला नव्हता. मागच्या दारानं हुल्दा सांडाल कपड्यांची टोपली घेऊन आली. लॉजमध्ये बायकांना मज्जाव. पण आमचे झगे, बुरखे, राजाराण्यांचे पोशाख पंधरा वर्षं तीच धुते, म्हणून टोपलीबरोबर ती दिसत नाही असं सगळे धरून चालतात. साठीची स्वीडिश विधवा, कोपरापर्यंत लाल झालेले हात.

"वाजवा, वाजवा," ती म्हणाली. "मी भुतासारखी जाते नि येते. तसंही तुमच्यात भुताला जास्त मान आहे."

मी हसलो आणि पायाखालचा सर्वांत खर्जातला सूर दाबला. तो सूर कानाला कमी, छातीला जास्त ऐकू येतो. लाकडी जमीन थरथरते.

समोर अर्धवट काळोखात नरक टांगलेला होता, शनिवारी सोडला तसाच; खालचा भाग तर दिसतही नव्हता. त्यातला नदीतला एक चेहरा हलला.

मला वाटलं, डोळ्यांना भास झाला. मग दुसरा हलला. मग सगळे चेहरे, सगळे वर केलेले हात एकदम वर निघाले. दोर जिथं अडकवतात त्या कठड्यापाशी कोणी नव्हतं. दोर आपोआप धावत होता, सापासारखा फुत्कारत. नदी काळोखात शिरली, ज्वाळा गेल्या, आणि शेवटी कुठंतरी लोखंड लोखंडावर असं आदळलं की छतातून धूळ गळली. पडद्यामागं उघडा पडलेला रंगमंच. शिडी. शिडीखालचा तो डाग.

मी बाकावरून पडलोच. "पेनरॉड!" मी म्हणालो. "प्रभो, तोच आहे..."

हुल्दा हलली नव्हती. टोपली कमरेवर तशीच. तिचेही ओठ पांढरे पडले होते. पण ती त्या दोराकडे बघत होती.

"प्रॉसर," ती हळू म्हणाली, "ओली चादर दोरीवर घातली की दोरी कुठं जाते?"

"अं?"

"खाली. आणि वाळली की?"

मी जमिनीवर बसूनच वर गेलेल्या पडद्याकडे पाहिलं.

"वर. उठा. त्या स्ट्रेकला बोलवा. भूतबीत नाही. वाळलंय काहीतरी."

४

स्ट्रेक आत यायला तयार नव्हता. "मी उद्याच नोकरी सोडतो," तो दारातून म्हणाला. "म्हातारा जिवंतपणी सोडत नव्हता, आता तर..."

"सोडा हो उद्या. आज एवढं सांगा," हुल्दा म्हणाली. "हा पडदा वर जातो कसा?"

"तोलानं. दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाच्या पट्ट्या. पडद्याचं वजन तेवढं लोखंड. तोल बरोबर असला की तुमच्यासारखी बाईसुद्धा एका हातानं ओढील. कठड्याला दोराची पकड आहे, ती फक्त धरून ठेवते."

"नरकाला किती पट्ट्या?"

"नऊ. वीस-वीस पौंडांच्या. भिंतीवर खडूनं लिहिलंय."

"मोजा."

स्ट्रेक वाकून मोजू लागला. दोनदा मोजल्या. तिसऱ्यांदा बोट लावून मोजल्या.

"बारा," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो, मी नऊच घातल्या होत्या! शनिवारी तुमच्यासमोर मीच ओढला की. लोण्यासारखा आला. तीन जास्तीच्या असत्या तर मला कळलं नसतं?"

"कळलं नसतं, कारण शनिवारी पडद्यात तीन पट्ट्यांचं पाणी होतं," हुल्दा म्हणाली. "दोन दिवस खालून वाफेचे नळ तापतायत. पाणी गेलं, लोखंड राहिलं. प्रॉसरनं ती जमीन हलवली आणि तुमची पकड सुटली. आता पुन्हा खाली आणा बघू."

तो आणि मी मिळून, घामानं न्हाऊन, पडदा खाली ओढला. खालचा हिस्सा उजेडात आला आणि स्ट्रेकनं शिवी हासडली.

शनिवारी जिथं कुठं जोड दिसत नव्हता, तिथं आता राखेच्या रंगाचा भला मोठा पट्टा होता. फिका, मेलेला, आणि ज्वाळांतले चेहरे त्यात पुसले गेलेले. आंधळ्यालाही दिसावा असा.

कोठडीतलं ओरडणं मला आठवलं. "ओला असताना जुळत होता," मी म्हणालो. "तो सांगत होता..."

"हा सरसात कालवलेला रंग ओला असताना गडद असतो, वाळला की उतरतो," स्ट्रेक म्हणाला. "सोबोत्का आधी फळीवर थेंब लावून शेगडीशी वाळवायचा, मगच पडद्याला लावायचा. लहान पोरसुद्धा ते एकदा बघून शिकेल."

"म्हणजे ज्यानं लावला त्यानं ओल्या रंगाकडे बघून जुळवला," हुल्दा म्हणाली. "चित्रकार नव्हता तो. आणि तुम्हीही नव्हता, स्ट्रेक. तुम्ही पट्ट्या घातल्या असत्या तर वाळल्यावर काढायच्या हेही तुम्हाला ठाऊक असतं."

"मी शुक्रवारी संध्याकाळी स्टेशनवर होतो! दिव्यांच्या पेट्या उतरवत. मास्तरला विचारा!"

"ओरडू नका, तुम्हाला सोडलंय मी." ती पडद्याला नाक लावून उभी राहिली. "पण मला हे सांगा. डाग झाकायला ब्रशाचे चार हात पुरतात. तीन पट्ट्यांचं पाणी कशाला?"

"रंगवायच्या आधी कोणीतरी धुतला?" मी विचारलं.

"वेडा आहे का कोणी?" स्ट्रेक म्हणाला. "सरसाचा रंग पाणी लागलं की वाहून जातो. सगळ्या दुनियेला माहीत आहे."

"सगळ्या दुनियेला नाही," हुल्दा म्हणाली. तिनं नखानं तो राखाडी पट्टा खरवडला, पूड बोटांवर चोळली, हुंगली, आणि डोळे मिटून घेतले. मग बोटं माझ्यापुढं धरली.

पाइनच्या डांबराचा वास. हुल्दाच्या मऊ साबणाचा. असा साबण गावात दुसरं कोणी करत नाही. दर एप्रिलात लॉजसाठी त्याचं एक पिंप जातं. हा नवा हॉल बांधायच्या आधी जुन्या हॉलमध्ये तेलरंगाचे पडदे होते. ते वर्षातून एकदा साबणाच्या पाण्यानं पुसले की नव्यासारखे उजळायचे. वीस वर्षं ते काम एकच माणूस करत आला होता.

"तुम्ही बसा, प्रॉसर," हुल्दा म्हणाली. "मग दोघं मिळून खाली तळघरात जाऊ."

५

गेथिन तळघरात भट्टीत कोळसा टाकत होता. आम्हाला दोघांना जिन्यावर बघून त्यानं फावडं खाली ठेवलं. हुल्दाच्या बोटांवरची ती पूड त्याला दिसली असावी.

"गेथिन," मी म्हणालो, "शुक्रवारी काय झालं?"

भट्टीच्या उघड्या दारातून उजेड त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर नाचत होता.

"स्ट्रेक स्टेशनवर गेला होता," तो म्हणाला. "पेनरॉड म्हणाला, 'गेथिन, नरक जरा खाली घे, ज्वाळा बघायच्यात.' मला दोराला हात लावायची परवानगी नाही, इद्रिस. मी म्हटलं तसं. तो म्हणाला, 'घे रे, कोण बघतंय.' जुन्या हॉलचे पडदे अंगातली सगळी ताकद लावल्याशिवाय हलायचे नाहीत. मी तसाच ओढला. आणि हा... हा पिसासारखा निघाला. दोर हातातून सुटला. तो खाली उभा होता, मान वर करून."

"अपघात होता!" मी म्हणालो. "अरे, मग तेव्हाच का नाही..."

"डाग पडला होता. मला वाटलं, आधी डाग जाऊ दे, मग सांगेन. शिडीपाशी नेलं त्याला, तेव्हाही वाटत होतं, सांगेन. बादली आणली. पुसायला लागलो." त्यानं तळवे उलटे केले, चॅपेलमध्ये केले होते तसे. "आणि ते वाहायला लागले."

"काय?"

"चेहरे. खालच्या ज्वाळांतले. माझ्या हाताखाली. डोळे खाली आले, तोंडं लांबली. जितकं पुसावं तितके ते जास्त वाहत होते, इद्रिस, माझ्या कोपरापर्यंत आले. मला वाटलं, देवानं दार उघडलं आणि मला आत ओढतोय. मग चित्रकाराच्या बादल्या घेऊन रंग फासला. पडदा जड झाला होता, वर जाईना. स्ट्रेकला लोखंड घालताना पाहिलं होतं, तसं घातलं. मला फक्त ते सगळं डोळ्यांसमोरून जायला हवं होतं."

हुल्दानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला ते सुचलं नव्हतं.

"आणि सोबोत्का?" मी विचारलं.

"सोडतील वाटलं. पुरावा काय होता त्यांच्याकडे?"

"माझं वाक्य होतं."

"रोज सकाळी ठरवत होतो सांगायचं. काल जारमनसाहेब गात होते, तेव्हा उठलोही होतो अर्धा." तो रडू लागला, मोठा माणूस रडतो तसा, आवाज न करता. "फाशी देतील मला?"

"शुक्रवारच्या अपघाताबद्दल फाशी नाही कोणी देणार तुला," हुल्दा म्हणाली. "पण शनिवार, रविवार आणि आजचा दिवस? त्यांचं उत्तर तुलाच द्यायचंय, बाळा. आणि चार वाजायला तीन तास आहेत."

गेथिननं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही दोघं काही बोलला नाहीत तर कोणाला कळणार नाही. साबण काय, कुणीही उचलतो."

ते खरं होतं. हुल्दानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती भट्टीकडे तोंड करून उभी राहिली, जणू मी काय उत्तर देतो ते ऐकायचंच नाही. सांगायला लाज वाटते, पण मी लगेच बोललो नाही. मैर डोळ्यांसमोर आली. आई गेल्यावर सात वर्षांच्या गेथिनला तिनंच वाढवलं होतं. आणि मग कोठडीतला तो लहानखुरा माणूस आला, गजांना धरून, मला काहीतरी समजावू पाहणारा.

"कोट घाल," मी म्हणालो. "मी बरोबर येतो."

६

तुरुंगापुढं तीसचाळीस माणसं जमली होती. एकाच्या खांद्यावर खरंच दोर होता. आम्हाला त्यांनी वाट दिली. डीकन आणि ऑर्गनवाला, दोघंही भली माणसं. गेथिनचा हात माझ्या दंडावर इतका घट्ट होता की चार दिवस वळ राहिले.

आत शेरीफपुढं गेथिन सरळ उभा राहिला आणि सगळं बोलला, न थांबता, एखादा पाठ म्हणावा तसा. शेरीफनं मध्येच लेखणी खाली ठेवली. मग बाहेर पायरीवर जाऊन त्यानं दोन वाक्यं सांगितली. कोणी ओरडलं नाही. दोरवाला माणूस आधी गेला, मग बाकीचे, एकमेकांकडे न बघता.

सोबोत्का कोठडीतून बाहेर आला तेव्हा गेथिन तिथं आत जायला उभा होता. दोघं दारात समोरासमोर आले. मला वाटलं, आता सोबोत्का थुंकेल. हक्क होता त्याचा.

"साबणानं पुसलात?" त्यानं विचारलं.

"हो."

"ज्वाळांतले चेहरे सगळे वाहून गेले असतील."

"हो," गेथिन म्हणाला. "सगळे."

सोबोत्कानं मान हलवली आणि बाजूला सरून त्याला आत जायला जागा दिली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तो मला ओलांडून हुल्दापाशी गेला आणि तिचा लाल हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. माझ्याशी तो त्या दिवशी बोलला नाही. नंतरही नाही.

मी घरी आलो तेव्हा चार वाजून गेले होते. गाडीची शिट्टी वाटेतच ऐकली. मैर दारातच होती, ओलसर हात एप्रनला पुसत.

"गेला का हो तो? नेलं त्याला?"

"नाही. सोडलं. निर्दोष होता."

तिनं डोळे मिटले. "देवा, तुझी दया! तीन दिवस मी याच्यावाचून दुसरं काही मागितलं नाही. एकच मागत होते, खरा कोण तो सापडू दे, आणि त्या परक्या पोराला त्याच्या आईकडे जाऊ दे." तिनं माझे दोन्ही हात धरले. तिचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला होता. "ऐकलंच शेवटी त्यानं! सांगा ना, कोण होता?"